नव्वदच्या कॅसेटमधले बाबा

बाबा बहरीनला गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. १९९८ मध्ये ते कायमचे परत आले तेव्हा वीस. मधल्या काळात दर दोन वर्षांनी ते सुट्टीवर यायचे, दीड महिना राहायचे आणि जायचे. बाकीचा सगळा वेळ रत्नागिरीत मांडवीजवळच्या आमच्या घरात बाबा होते ते टेपरेकॉर्डरमध्ये.

तिकडे ते जहाजं दुरुस्त करण्याच्या गोदीत फिटर होते. पत्र लिहायचा त्यांना मनापासून कंटाळा. त्यांचं पत्र म्हणजे तीन ओळी: मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल, पावसाआधी कौलं चाळून घ्या. पण शुक्रवारच्या सुट्टीला खोलीतले बाकीचे लोक बाहेर पडले की ते टेपरेकॉर्डर पुढ्यात ओढून बसायचे आणि बोलायला लागायचे. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. एक बाजू भरायला त्यांना कधी तीन, कधी चार शुक्रवार लागत. राजिवड्याचे एक चाचा त्याच गोदीत रंगारी होते. ते गावी येताना ती कॅसेट घेऊन येत. दारात उभ्या उभ्याच आईच्या हातात देत, पाणी पीत आणि सांगून जात, की निघायच्या आधी निरोप धाडतो, उत्तर तयार ठेवा.

उत्तर म्हणजे बहुतेक वेळा तीच कॅसेट. आम्ही ती पाठ होईस्तोवर ऐकायचो, आणि चाचांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी आई तिच्यावरच आपलं बोलणं भरून परत पाठवायची. बाबा ते ऐकायचे आणि त्यावर पुन्हा स्वतःचं भरायचे. काही कॅसेटी मात्र आईला पुसवल्या नाहीत. त्या तिने ठेवून घेतल्या आणि त्यांच्या बदल्यात बाजारातून कोऱ्या आणून पाठवल्या. अशा अकरा कॅसेटी तिच्याकडे साठल्या होत्या.

बाबांची बोलायची एक रीत होती. ते प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. “बाय, तेराचा पाढा म्हण बघू,” असं म्हणून ते गप्प बसायचे. मग टेपमधून नुसती त्यांच्या खोलीतल्या एसीची घरघर ऐकू यायची, आणि मी टेपरेकॉर्डरसमोर हात मागे बांधून पाढा म्हणायची. मी तेरा साताशी असतानाच कधी कधी बाबांचं “शाब्बास” येऊन जायचं. मग मी पुढच्या वेळी वेग वाढवायची. आईला ते विचारायचे, “जेवलीस काय गो?” आई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता हळूच म्हणायची, “जेवले.” दुसऱ्यांदा ऐकताना ती पुन्हा म्हणायची. आठवड्याभराने तीच कॅसेट लावली तरी म्हणायची.

जहाजाच्या बुडाला चिकटलेली कालवं कशी खरवडून काढतात, ते त्यांनी एकदा पाऊण बाजूभर सांगितलं होतं. म्हणाले, यातली काही आपल्या खाडीतलीसुद्धा असतील, बसून आली असतील फुकट इथपर्यंत. मी कितीतरी दिवस भाट्याच्या पुलावरून जाताना खाली बघायची, की आता कुठलं कालव बाबांकडे निघालं असेल.

असे हे भरभरून बोलणारे बाबा कायमचे घरी आले आणि गप्प झाले.

त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. आम्हीच त्यांना कधी समोर बसून ऐकलं नव्हतं. सुट्टीतला दीड महिना पाहुण्यारावळ्यांत जायचा. आता ते रोज सकाळी सायकल काढून मिरकरवाड्याला जात, होड्यांची इंजिनं दुरुस्त करत आणि संध्याकाळी हातांना डिझेलचा वास घेऊन परत येत. जेवताना समोरासमोर बसलो की आम्हा तिघांनाही काय बोलावं ते सुचायचं नाही. मी वीस वर्षांची झाले होते, मला पाढे विचारता येत नव्हते. मला त्यांचा राग नव्हता. पण कधी कधी पडवीत बसून पेपर वाचणाऱ्या त्या माणसाकडे बघताना मला टेपमधल्या बाबांची आठवण यायची, आणि ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आईनेही कॅसेटी पुन्हा काढल्या नाहीत. एकदा मी लावू का म्हटलं तर म्हणाली, माणूस घरात असताना कॅसेट कशाला?

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मारुती मंदिराजवळच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लासने जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा त्यातला एक घरी आणला.

२००४ ची दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी बाबा भिंतीवरच्या आरशासमोर भांग पाडत होते. हातातला कंगवा खाली पडला. ते उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. आई धावली, काय झालं म्हणून विचारायला लागली. ते म्हणाले, “मग.” आईने पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, “मग.” त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं, की त्यांना काहीतरी पुष्कळ मोठं सांगायचंय आणि तोंडातून एवढंच बाहेर पडतंय.

लकव्याने उजवी बाजू गेली. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं. दोन महिन्यांत पाय थोडा सुधारला, काठी घेऊन पडवीपर्यंत येऊ लागले. हात तसाच लोंबता राहिला. वाचेतून एक शब्द तेवढा वाचला होता. भूक लागली तरी मग, दुखलं तरी मग, नको असलं तरी मग. समजत सगळं होतं. शेजारी कुणी विनोद केला तर ते बरोबर जागी हसायचे. बोलायचं म्हटलं की मात्र तो एकच शब्द यायचा, आणि तो आल्याबरोबर स्वतःच वैतागून डाव्या हाताने मांडीवर चापट मारायचे.

कोल्हापूरहून महिन्यातून दोन शनिवार एक बाई रत्नागिरीत येत. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणं हेच त्यांचं काम. त्या बाबांपुढे चमचा, कंगवा, किल्ली अशा वस्तू ठेवत, नाव उच्चारत आणि त्यांना म्हणायला सांगत. घरी तेच आम्ही करायचं होतं. मी चमचा धरून “चमचा” म्हणायची. बाबा माझ्याकडे बघायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. ज्या मुलीकडून पाढे म्हणवून घेतले तिच्या मागून चमचा म्हणायचं, हे त्यांना सोसत नव्हतं. आईने प्रयत्न केला तर डोळेच मिटून घेत.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी थोडा विचार करून विचारलं, “त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं जुनं काही रेकॉर्डिंग आहे का? लग्नाबिग्नातलं?”

मी म्हटलं, भरपूर आहे.

बाईंनी मला नीट समजावून दिलं. लांबलचक बोलणं ऐकवून उपयोग नाही, ते नुसतं कानांवरून जाईल. एक छोटं वाक्य हवं. त्यानंतर त्यांना म्हणता यावं एवढी मोकळी जागा. मग पुन्हा तेच वाक्य, पुन्हा जागा. वाक्यं रोजच्या वापरातली. “करून बघा,” त्या म्हणाल्या. “फायदा होईलच असं मी म्हणणार नाही.”

घरी येऊन आईकडे कॅसेटी मागितल्या. त्या तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात साड्यांखाली ठेवल्या होत्या. ती म्हणाली, “त्या नको. त्या माझ्या आहेत.” दोन दिवसांनी क्लासवरून आले तर डबा कॉम्प्युटरच्या टेबलावर होता आणि आई शेजारी उभी होती. तिने विचारलं, की कापायच्या म्हणजे फीत कात्रीने कापणार काय. एवढ्यासाठी ती दोन दिवस बेचैन होती. मी तिला सांगितलं, की कॅसेटला धक्का लागत नाही. तिच्यातला आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा आणि कापाकापी करायची ती त्या उतरवलेल्या आवाजाची. तिला ते फारसं पटलं नाही, पण डब्यावरचा हात तिने काढला.

आमच्याकडच्या दमट हवेने कॅसेटींवर पांढरी बुरशी आली होती. एक तर पार चिकटून गेली होती, ती शेवटपर्यंत उलगडली नाही. बाकीच्या दहा मी पेन्सिलीने हळूहळू फिरवून, कापसाने पुसून तयार केल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर टाकली. सॉफ्टवेअर मिळालं ते एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर. फुकट होतं, कुणीही वापरावं असं. मला तोवर अक्षरांची आणि आकड्यांची कामं येत होती, आवाजाचं काही येत नव्हतं. सीडीवरची माहिती वाचत आणि चुकत चुकत शिकले.

आवाज उतरवायला घाई चालत नाही. पंचेचाळीस मिनिटांची बाजू उतरायला पंचेचाळीस मिनिटंच लागतात. त्यात भारनियमन. वीज कधी जाईल ते ठरलेलं असायचं आणि त्या ठरलेल्या वेळेआधीही ती जायची. अर्धी बाजू झाली की पडदा काळा व्हायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाबा शेजारच्या खोलीत खाटेवर असायचे. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज स्पीकरमधून आला तसा त्यांनी डावा हात वर केला. मी थांबवलं. त्यांनी हात तसाच पुढे हलवला, चालू दे म्हणून. मग डोळे मिटून घेतले. हसले की रडले ते मला कळलं नाही, लकव्याने तोंडाची एक बाजू तशीही ओढलेली होती.

उतरवलेला आवाज पडद्यावर निळा दिसायचा, आडव्या रेघेच्या वर-खाली उंचवटे. बाबा बोलले की डोंगर, थांबले की सपाट. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. शांतता सापडली की तिथे आपोआप कापायचं. मला वाटलं, काम झालं. एका कॅसेटवर ती सोय वापरली आणि पाच मिनिटांत दोनशेच्या वर तुकडे पडले. आनंदाने पहिला लावला. “बाय, तेराचा पाढा म्हण बघू.” लगेच दुसरा, “शाब्बास.” लगेच तिसरा, “आता चवदाचा.” “शाब्बास.” त्यांचं थांबणं यंत्राला रिकामं वाटलं होतं, ते त्याने टाकून दिलं होतं. एकामागून एक ऐकताना तो कुणीतरी घाईतला परका माणूस वाटायला लागला. मी ते सगळे तुकडे पुसले आणि कानाने कापायचं ठरवलं.

मग कितीतरी महिने ते काम चाललं. सकाळी क्लासला जाण्याआधी एक तास, वीज असली तर. वाक्य कुठे सुरू होतं ते ऐकायचं, तिथे खूण करायची. कुठे संपतं ते ऐकायचं, तिथे खूण करायची. खुणेला नाव द्यायचं. एका बाजूच्या खुणा झाल्या की सगळे तुकडे एकदम वेगळे होऊन फोल्डरमध्ये रांगेने पडायचे. सुरुवातीला मी फार जवळ कापायची, त्यामुळे शब्दाचं शेपूट तुटायचं. “जेवलीस काय गो” मधला “गो” अर्धाच यायचा. मग शिकले, की वाक्य संपलं तरी श्वास संपेपर्यंत थांबायचं.

बाईंनी सांगितलेली मोकळी जागा मी आधी कॉम्प्युटरकडूनच बनवून घेतली होती. ती पूर्ण कोरी होती. बाबांना ऐकवली तेव्हा वाक्य संपलं रे संपलं की ते मान वर करून पंख्याकडे बघायचे. त्यांना वाटायचं, वीज गेली. मग मी त्याच कॅसेटमधला, त्यांनी आमच्या उत्तरासाठी सोडलेला घरघरीचा भाग घेतला आणि वाक्यामागे जोडला. त्यानंतर त्यांनी पंख्याकडे बघितलं नाही.

चौथ्या की पाचव्या कॅसेटच्या शेवटी मला आई सापडली.

बाबांचं बोलणं आटोपलं होतं, टक् असा बटणाचा आवाज आला. एरवी त्यानंतर खरखर असायची. पण या कॅसेटवर आधी आईचं उत्तर भरलेलं होतं, आणि बाबांचं बोलणं पाच-सहा मिनिटं कमी पडल्यामुळे तिचं शेवटचं बोलणं तसंच खाली राहून गेलं होतं. ती वाक्याच्या मध्येच सुरू झाली. आवाज कोवळा, मी ओळखलाच नाही आधी. मागे कोंबडा ओरडत होता. ती म्हणत होती:

“...शाळेत गेलीय म्हणून आता बोलते. तुम्ही येता तेव्हा पंधरा दिवस परके वाटता. ओळख पटेपर्यंत जायची वेळ येते. हे पत्रात कसं लिहायचं? यंदा आलात की जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. घर चालायला हवं, ते मला कळतं. पण एकदा विचारा तरी, जाऊ का म्हणून.”

त्यानंतर ती पडवीच्या वाशांबद्दल बोलायला लागली, आणि मग बाजू संपली.

मी ते चार-पाच वेळा ऐकलं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असणार. रोज दुपारी शाळेतून येऊन दप्तर टाकायची आणि आई मला भात वाढायची. तिच्या पोटात हे होतं, आणि मला ती फक्त भात वाढताना आठवत होती.

ते मी बाबांच्या तुकड्यांत घातलं नाही, वेगळं काढून ठेवलं. पण तिला न सांगता ठेवणंही मला बरं वाटेना. एका दुपारी बाबा झोपलेले असताना तिला खुर्चीवर बसवून कानांना हेडफोन लावले. तिने ऐकलं. तिचा चेहरा फारसा बदलला नाही. हेडफोन काढून तिने मांडीवर ठेवला आणि बराच वेळ वायर बोटाला गुंडाळत बसली.

मी विचारलं, बाबांनी हे ऐकलं होतं का.

“ऐकलं असणारच,” ती म्हणाली. “त्या खेपेला विचारलं त्यांनी. एसटी स्टँडवर. गाडीत चढताना.”

“मग तू काय म्हणालीस?”

“कंडक्टरने घंटी मारली होती. मी काय म्हणणार? जा म्हटलं.”

मग ती उठून चहा ठेवायला गेली. आतून म्हणाली, की ते पुसू नको, पण त्यांच्या अभ्यासात घालू नको.

आमच्याकडे एक व्हीसीडी प्लेअर होता, त्यावर एमपीथ्रीची सीडी चालायची. पहिल्या सीडीवर मी चाळीस तुकडे घातले. प्रत्येकाला क्रमांक. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो कागद खाटेशेजारी भिंतीला लावला: एक, जेवलीस काय गो. दोन, बरा हाय मी. तीन, तिकडं पाऊस हाय काय. चार, चाचांबरोबर धाडतो. असंच पुढे. रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी एक दाबलं, ऐकलं, आणि आमच्याकडे बघून रिमोट बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आठवडाभर त्यांनी आमच्यासमोर तोंड उघडलं नाही. मला वाटलं, हेही फुकट गेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा मी क्लासला निघाले आणि कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं, की जेवणाचा डबा घरीच राहिलाय. परत फिरले. आई मासळीबाजारात गेली होती. अंगणाच्या दगडी गडग्याशी पोचले तर घरातून बोलणं ऐकू आलं. दोन माणसं. एकाने स्पष्ट, तरुण, जरा मोठ्यानेच विचारलं, “जेवलीस काय गो?” मग घरघर. मग दुसरा माणूस, जड जिभेने, एकेक अक्षर ओढत, “जे... ली... जेव... ली...” पुन्हा तरुण माणूस, तितक्याच उत्साहाने. पुन्हा दुसरा. तरुण माणूस जराही वैतागत नव्हता. आमच्या सगळ्यांचं चुकलं होतं ते इथेच. आम्ही शिकवताना धीर धरायचो, आणि तो धीर त्यांना दिसायचा.

मी फाटक वाजवलं नाही. गडग्याला टेकून उभी राहिले. कितीदा तरी तेच वाक्य झालं. शेवटी एकदा दोन्ही आवाज जवळजवळ एकत्र आले, “काय गो” वर. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा तरुण बाबा. मी डबा न घेताच क्लासला गेले.

घरी मी काही सांगितलं नाही. आईला मात्र एवढं म्हटलं, की सकाळी रोज तासभर घराबाहेर जात जा. तिने कारण विचारलं नाही. ती शेजारणीकडे जाऊन बसायला लागली.

पावसाळा संपता संपता एका दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. बाबांना भरवून झालं होतं, आई ताट धुवायला उठत होती. तेव्हा बाबांनी तिच्याकडे बघून विचारलं, “जेवलीस काय गो?”

शब्द सरळ नव्हते, पण तिन्ही होते. आईने ताट खाली ठेवलं. तिच्या तोंडून नेहमीसारखं “जेवले” निघालं आणि मग ती म्हणाली, “नाय. अजून नाय जेवले.” आणि त्यांच्यासमोर बसून जेवली.

बाई म्हणाल्या होत्या, की वाक्यं रोजच्या वापरातली निवडा. मी तशी निवडली होती. पण ती कॅसेटमधली होती, म्हणजे दूरच्या माणसाने घरच्यांना विचारलेली. बाबांना जी वाक्यं आली ती तशीच आली. खाटेवर बसून, खिडकीबाहेर पाऊस धोधो दिसत असताना, ते स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, “तिकडं पाऊस हाय काय?” आणि आई भाकरी थापता थापता उत्तर द्यायची, “हाय. सकाळपासून थांबला नाय.” कधी मे महिन्यात विचारायचे. मग ती म्हणायची, “अजून नाय. पण वारं फिरलंय.” नवीन आलेल्या पाहुण्यांना कळायचं नाही. आईने कुणाला कधी समजावून सांगितलं नाही. मला वाटतं, तिला ते आवडायला लागलं होतं. कॅसेटीला ती जी उत्तरं द्यायची ती टेपला ऐकू जात नव्हती. आता तिचं उत्तर ऐकून ते मान हलवायचे, आणि कधी कधी आणखी एक वाक्य शोधायचे.

राजिवड्याचे चाचा आता कायमचे गावी आले होते. ते एकदा भेटायला आले. बाबांना त्यांना परसातल्या नारळांतले दोन-चार द्यायचे होते. त्यांनी कोपऱ्यातल्या नारळांकडे बोट केलं, मग चाचांकडे केलं, खूप धडपडले, आणि शेवटी त्यांना सापडलं ते म्हणाले, “चाचांबरोबर... धाडतो.” चाचा पुढे झाले, नारळ पिशवीत भरले आणि म्हणाले, “आणा. नीट पोचवतो.” जाताना गडग्यापाशी मी त्यांच्याबरोबर होते. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, तुझा बाप तिकडे शुक्रवारी आम्हाला खोलीतून बाहेर काढायचा, बायकोशी बोलायचंय म्हणून. आम्ही जिन्यात बसून हसायचो.

मी तीन सीड्या बनवल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीतलं फार थोडं त्यांना जमलं. सगळी मिळून पंचवीस-तीस वाक्यं झाली असतील, आणि सुटे शब्द काही. पाढे मी मुद्दाम घातले नव्हते, पण त्यांनी एकदा आपणहून मला “शाब्बास” म्हटलं, मी त्यांची नखं कापून दिली तेव्हा. तो शब्द कुठल्याच सीडीवर नव्हता. कुठून आला कोण जाणे.

मला त्यांचं हे नवं बोलणं उतरवून ठेवायचं होतं. छोटा मायक्रोफोनही आणला. तो समोर धरला तर त्यांनी मान हलवली आणि तोंड मिटून घेतलं. आई म्हणाली, राहू दे, नंतर बघू. मीही आग्रह केला नाही. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली आणि २००८ च्या श्रावणात बाबा गेले. दुसऱ्यांदा झटका आला, या वेळी सकाळ होईपर्यंतही अवधी मिळाला नाही.

वर्षभर आम्ही काही लावलं नाही. नंतर एका रविवारी आईनेच सांगितलं, आणि सीडी नको म्हणाली, तुकडे नकोत. म्हणून मी कॉम्प्युटरवरची अखंड बाजू लावली, पंचेचाळीस मिनिटांची. ती सबंध वेळ आई भिंतीला टेकून बसली होती. प्रश्न आले, तिने उत्तरं दिली नाहीत.

बाजू संपल्यावर आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं, की आपल्याकडे आहे तो सगळा बहरीनचा आवाज आहे. ते घरी आल्यावरची, लकव्याआधीची ती सहा वर्षं. तेव्हाचा त्यांचा आवाज कुठेच नाही. चांगले बोलत होते, चालत होते, रोज संध्याकाळी घरी येत होते, म्हणून कुणाला ते साठवायचं सुचलं नाही. संध्याकाळी सायकल भिंतीला लावून ते दारातून एक हाक मारायचे, आलो म्हणून कळावं एवढीच. आई म्हणते, ते नुसतं “ए” म्हणायचे, जरा लांबवून. मला आठवतं, की ते आधी खाकरायचे आणि मग “हां, चला” म्हणायचे. आम्ही दोघी आपापल्या परीने म्हणून बघतो. आई माझं ऐकून नाही म्हणते, मी तिचं ऐकून नाही म्हणते.